सव्वा महिन्याची बेगमी

सातवा महिना लागला की घरात दोन याद्या सुरू होतात. एक डोहाळजेवणाची, दुसरी बाळाची. दुसरीत झबली-टोपडी, दुपटी, लंगोट, मच्छरदाणी, पाळणा असं सगळं येतं. ऐपत असेल तर बाटल्या उकळायचं यंत्रही येतं. बाळंतिणीच्या वाट्याला त्या यादीत काय येतं? पुढून उघडणारे दोन गाऊन आणि 'डिंक, खारीक, अळीव' अशी वाण्याकडची एक ओळ. तिला टाके पडले तर ती बसणार कशावर, रात्री चारदा उठून पाजल्यावर सकाळचा चहा तिच्या हातात कोण देणार, पहिल्या आठवड्यात लोटणाऱ्या पाहुण्यांना दारातून परत पाठवायची हिंमत घरात कोणाकडे आहे, हे कुठल्याच यादीत नसतं. या पुस्तकाचा विषय ही तिसरी यादी आहे.

ती आधीच का करायची, याचं उत्तर सोपं आहे. बाळ घरी आल्यावर ती करायला कोणाला फुरसत नसते, आणि जिच्यासाठी करायची तिच्यात मागून घ्यायचं त्राण नसतं. मागितलं तर 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे ऐकावं लागतं. आमच्या वेळी नेमकं काय होतं, याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी शरीराबद्दल. गरोदरपणात बाईला दर महिन्याला तपासतात, वजन घेतात, रक्तदाब बघतात. बाळ बाहेर आलं की सगळ्या माना पाळण्याकडे वळतात. इकडे तिच्या शरीरात जे चाललेलं असतं ते तिला कोणी बसून सांगत नाही. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं. ते पुढच्या सहा आठवड्यांत आक्रसत शंभर ग्रॅमच्याही आत येतं. हे आक्रसणं जाणवतं. बाळाला छातीला लावलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्यानं दूध बाहेर येतं आणि गर्भाशयही आवळतं. म्हणून पाजताना ओटीपोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या जास्त असतात, आणि 'पहिल्या वेळी तर असं नव्हतं' म्हणून बाई घाबरते. अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट होत चार ते सहा आठवडे चालतं. रात्री घामानं कपडे भिजतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, हलकासा तापही वाटतो आणि नेमकं त्याच सुमारास कारण नसताना रडू कोसळतं. पहिल्यांदा शौचाला जायची भीती तर कोणी बोलूनच दाखवत नाही, पण ती जवळजवळ प्रत्येकीला असते. त्यासाठी पाणी, भाज्या, फळं आणि डॉक्टरांनी दिलेलं सौम्य औषध हाताशी हवं. तीन-चार महिन्यांनी केस पुंजक्यानं गळतात आणि पुढे आपोआप येतात. यातलं काहीही आजार नाही. मात्र आधी कळलेलं नसलं की यातलं प्रत्येक आजारासारखं वाटतं, आणि खरा आजार मात्र 'बाळंतपणात चालायचंच' म्हणून अंगावर काढला जातो.

खरा आजार कुठला, तेही इथेच सांगते. पुस्तकाची बाकीची पानं कोणी वाचली नाहीत तरी हा परिच्छेद वाचावा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर वाट बघू नये. ताप १००.४ अंशांच्या वर गेला, अंगावरून जाण्याला घाण वास आला, टाके लाल होऊन पाझरू लागले, तर तो जंतुसंसर्ग समजावा. डोकं असह्य दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येताहेत, चेहरा-हात सुजलेत, तर रक्तदाब लगेच मोजावा. गरोदरपणात तो कधीच वाढला नव्हता म्हणून निर्धास्त राहू नये, कारण हा त्रास बाळंतपणानंतरही पहिल्यांदा उपटू शकतो आणि फिट येण्यापर्यंत जातो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते, आणि तिच्यासोबत किंवा तिच्याविनाही दम लागला, छातीत दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावं. १०८ ला फोन करायला लाजू नये. गरोदरपणातल्या किंवा त्याच्याशी निगडित कारणानं प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत झालेला मृत्यू हा मातामृत्यू धरतात. या व्याख्येतच सांगितलेलं आहे की प्रसूती झाली म्हणजे सुटका झाली असं नाही.

सहा आठवड्यांचा हा हिशेब आधुनिक वैद्यकानंच काढला असंही नाही. सुश्रुतानं सूतिकेचा काळ दीड महिन्याचा सांगितला. पाळी पुन्हा येईपर्यंत ती सूतिकाच, असंही एक मत तिथेच नोंदवलं आहे. काश्यपसंहितेत सूतिकेच्या उपचारांवर स्वतंत्र अध्याय आहे. आपला सव्वा महिना त्याच्या जवळपासचाच. आणि आधुनिक वैद्यक शिकलेल्या पहिल्या मराठी बाईनं प्रबंधाला विषय घेतला तोही हाच: आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर लिहिलं. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या आणि ते मूल दहा दिवसांत गेलं होतं. विषय त्यांनी ग्रंथालयात बसून शोधला असेल असं मला वाटत नाही.

आता 'आमच्या वेळी'. जुनी बाळंतिणीची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती वासानं आठवते: ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, गोवऱ्यांचा धूर, तेल, ओल्या दुपट्यांचा कुबट वास. बाजेखाली शेगडी, खिडकीला गोणपाट, कानाला फडकं. दहा दिवस सोयर, म्हणून तिनं कशाला शिवायचं नाही. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्याला बारसं, सव्वा महिन्यानं विहिरीवर जाऊन पाणी भरायचं आणि मग ती पुन्हा घराच्या रहाटगाडग्याला जुंपली जायची. या सगळ्याकडे हल्ली दोन तऱ्हांनी बघतात. एका तऱ्हेला ते अडाणीपणाचं गाठोडं वाटतं, दुसरीला पूर्वजांचं गुह्य शास्त्र. मला दोन्ही पटत नाहीत. विटाळाच्या नावाखाली का होईना, तिला चुलीपासून आणि शेतापासून लांब ठेवलं जायचं, हे खरं. पण त्याच विटाळानं तिला घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या, कोंदट जागेत टाकलं, जुनेर वापरायला लावलं, आणि नाळ कापायचं काम 'खालच्या' मानलेल्या जातीतल्या सुइणीवर ढकलून वर तिच्याच सावलीचा विटाळ मानला. इग्नाझ सेमेलवाइसनं १८४७ साली व्हिएन्नात दाखवून दिलं होतं की डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुतले तर बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका वाचतात. तिथल्या बड्या डॉक्टरांनीही ते बराच काळ मानलं नाही, तेव्हा अडाणीपणावर आपलीच मालकी आहे असंही समजायचं कारण नाही.

त्या खोलीत एक गोष्ट मात्र खरोखर मोलाची होती: हात. बाळंतिणीला न्हाऊ घालणारे, दुपटी धुणारे, रात्री बाळ घेऊन बसणारे, थोरल्या पोराला शाळेत पोचवणारे, ताट वाढून समोर आणून ठेवणारे. आजी, मावशी, काकू, थोरली नणंद. कितीतरी घरांत ते हात एखाद्या विधवा आत्याचे असत, जिला माघारी आणून ठेवलं होतं आणि जिच्या वाट्याला घरातली सगळी बाळंतपणं येत. चाळीस दिवसांची विश्रांती आपल्या संस्कृतीनं दिली असं आपण अभिमानानं म्हणतो; ती फुकट राबणाऱ्या बायकांनी दिली होती. त्या आत्यासाठी कोणी कधी लाडू वळले नाहीत.

आज लाडू राहिलेत, हात गेलेत. माझं म्हणणं एवढंच आहे आणि सगळं पुस्तक त्याभोवती रचलं आहे. डिंकाचे लाडू आता घरपोच मिळतात, बाळंतकाढ्याच्या बाटल्या औषधाच्या दुकानात रांगेनं असतात, शेकासाठी विजेची पिशवी आहे. पण बाळंतिणीची आई स्वतः नोकरीत असते, किंवा निवृत्त असली तरी तिचे गुडघे गेलेले असतात. माहेर दोन खोल्यांचं असतं. ज्यांची मुलगी न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला आहे ते आई-वडील पाहुण्यांच्या व्हिसावर सामानात लाडू आणि अळीव घेऊन विमानात बसतात, आणि तिथे गेल्यावर बर्फातून किराणा आणायलाही जावयाच्या गाडीची वाट बघतात. दरम्यान प्रसूती दवाखान्यात गेली, आणि ते फार चांगलं झालं. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं संस्थांमध्ये होतात आणि दर चारांतलं एक सिझेरियन असतं. पण दवाखाना दोन दिवसांत, सिझेरियन असेल तर चार-पाच दिवसांत घरी पाठवतो. पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या कुठल्याही रुग्णाच्या मांडीवर आपण घरी जाताना रात्री दर दोन तासांनी उठवणारी जबाबदारी ठेवत नाही.

सिझेरियन झालेल्या बाईनं खाटेवरून उठायचं कसं, हे तिला आधीच करून दाखवावं लागतं, म्हणून ते इथे सविस्तर. पाठीवरून थेट उठून बसायचं नाही. टाक्यांवर ताण येतो आणि कळ डोक्यात जाते. आधी गुडघे दुमडायचे, मग सगळं अंग एकदमच कुशीवर वळवायचं, पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरावर व वरच्या तळव्यावर जोर देऊन बसतं व्हायचं. मिनिटभर तसंच बसायचं, चक्कर येत नाही याची खात्री करायची, मग उभं राहायचं. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की उशी टाक्यांवर दाबून धरायची. हसू आलं तरीही, आणि सिझेरियननंतर नातेवाईक नेमके विनोद सांगायला येतात. हे सगळं खाटेवर जमतं, जमिनीवरच्या गादीवरून जमत नाही. म्हणून ज्या घरात सगळे खाली झोपतात तिथे आठव्या महिन्यात उंच खाटेची सोय करावी. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणावी. ती मोठ्या गावांत भाड्यानंही मिळते. बाळाच्या पाळण्यापेक्षा ही खुर्ची आधी घ्यावी असं माझं मत आहे, आणि त्यावरून मी बऱ्याच आज्यांचा रोष ओढवून घेतला आहे.

नॉर्मल बाळंतपणातही खाली टाके असतात, हे पुरुषांना सहसा माहीत नसतं. त्या जागी कोमट पाण्याची धार, स्वच्छ सुती कापड किंवा दर तीन-चार तासांनी बदललेला पॅड, आणि बसायला मऊ उशी, एवढ्यानं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याच्या व्यायामानं. तो पडल्या पडल्या करता येतो. पुढे शिंकताना लघवी निसटते म्हणून जन्मभर गप्प राहणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. पोटाला पट्टा बांधल्यानं आधार वाटतो, पण त्यानं पोट आत जात नाही. मालिश जरूर करून घ्यावी. न्हाऊ घालणारी बाई हातखंडा असेल तर तिच्या हाताखाली बाळंतीण दिवसातून एकदा तरी गाढ झोपते, आणि मला तो मालिशचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. सिझेरियनच्या टाक्यांवर मात्र चोळू देऊ नये. शेगडीबद्दल एकच गोष्ट: बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो आई-बाळ दोघांचा जीव घेऊ शकतो. पूर्वी कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. फ्लॅटमध्ये खेळत नाही. शेकायचंच तर गरम पाण्याच्या पिशवीनं शेकावं. धुरी नवजात बाळाच्या छातीला सोसत नाही, मग ती कितीही सुवासिक असो.

आता लाडवांकडे येते, नाहीतर मी लाडवांची वैरीण ठरेन. डिंकाचा लाडू ही करमणुकीची गोष्ट नाही. डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा घ्यायचा, तुपात थोडा थोडा सोडून मंद आचेवर फुलवायचा. आच मोठी झाली की तो वरून फुललेला दिसतो, आत खडा राहतो आणि दाताला चिकटतो. खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, गोडंबी, जायफळ, गूळ. दिवसभर दोन बायका त्यात गुंततात. दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, त्यातल्या थोड्याफार एका लाडवातून मिळतात. अडचण लाडू खाण्यात नाही, लाडवावर भागवण्यात आहे. सकाळी लाडू, दुपारी तूप-मीठ-भात, रात्री पुन्हा तेच. आणि डाळीनं वात, पालेभाजीनं बाळाला हगवण, फळानं सर्दी, पाण्यानं पोट सुटतं, म्हणून ते सगळं बंद. दूध तयार व्हायला पाणी लागतं. पाणी तोडल्यानं पोट आत जात नाही, मलावरोध आणि लघवीची जळजळ मात्र हमखास होते. डाळ, उसळ, पालेभाजी, अंडी, मासे, दही, फळं, घरात जे सगळे खातात ते तिनंही खावं, आणि सगळ्यांच्या आधी खावं.

अळिवाचंही सांगून टाकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह दाखवलं होतं. २०१७ च्या नव्या तक्त्यात ते १७ च्या आसपास आहे. तरीही अळीव चांगलेच, वर लिंबू पिळलं तर आणखी चांगले. पण चमचाभर अळिवाच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि बाळंतपणात ते आणखी जातं. सरकारी कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी आणि तेवढेच दिवस कॅल्शियम द्यायचं ठरलेलं आहे. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. काळी शी झाली तर घाबरू नये.

पाजण्याचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात मोठं आहे, इथे थोडक्यात. पहिला चीक पिळून टाकायचा नाही. बाळाला तासाभरात छातीला लावायचं. मधाचं बोट नाही, साखरपाणी नाही, सहा महिने गुटीही नाही. दूध कमी येतंय असं वाटण्यामागे बहुतेक वेळा बाळ नीट न धरलं जाणं हे कारण असतं. बोंडीला भेगा पडणंही त्याचंच. दुधाची लाज किंवा कमीपणा वाटायचं काही कारण नाही. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती अशाच बायकांनी दुसऱ्यांच्या बाळांसाठी काढून दिलेल्या दुधावर चालते. आणि ज्यांना काही केल्या पाजणं जमलं नाही त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध द्यावं आणि या विषयावर कोणाशीही वाद घालत बसू नये.

मनाबद्दल जरा जास्त लिहायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. ते बहुतेकींना येतं. त्यापुढेही ते थांबत नसेल, बाळ शेजारी झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा सतत भयंकर काहीतरी घडेल असं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या २५२ स्त्रियांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या ५९ जणींना, म्हणजे जवळजवळ चौघींतल्या एकीला, नैराश्य होतं. त्यांतल्या बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, भूक ही कारणं होती, आणि मुलगी झाली की त्यांची धार वाढत होती. म्हणजे या आजाराचा बराच भाग घरात तयार होतो. 'तिला काय कमी आहे?' असं विचारणाऱ्या सासूबाईंनी हा अभ्यास वाचावा, आणि मुलगी झाल्यावर 'लक्ष्मी आली हो' असं ज्या सुरात म्हणतात तो सूर स्वतः एकदा ऐकून बघावा. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील, भास होत असतील, तर बाईला क्षणभरही एकटं न सोडता दवाखान्यात न्यावं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सारं ज्यांना घर आहे, रजा आहे, त्यांच्यासाठी झालं. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं काय? तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि काम बुडालं की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. फडात बाळंत झालेली बाई थोड्याच दिवसांत पुन्हा मोळ्या उचलते, कारण तिच्या सव्वा महिन्याचा खाडा भरायला कोणी नाही. मुंबई इलाख्यात प्रसूतिरजेचा कायदा १९२९ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. आंबेडकर बोलले होते. १९६१ चा केंद्रीय कायदा बारा आठवड्यांचा होता. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली. पण रजा मिळते ती हजेरीपत्रकावर नाव असलेल्या बाईला. शेतमजूर, घरकामगार, फडातली बाई यांच्यासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये, आणि तेही कागदपत्रं जुळली तर. आपल्या घरी बाळंतिणीची दुपटी धुवायला येणारी बाई स्वतःच्या बाळंतपणानंतर कितव्या दिवशी कामावर परतली होती, हे तिला एकदा विचारावं आणि मग तिचा पगार ठरवावा.

घरातले हात कमी झाल्यावर बाहेरून येणाऱ्या हातांची किंमत गडचिरोलीत कळली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत बाईला घरोघरी पाठवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. याच गावांत सातशेहून जास्त बायकांची नोंद ठेवली, तेव्हा शंभरातल्या सुमारे ४३ जणींना बाळंतपणानंतर काही ना काही आजार झाल्याचं दिसलं. तोवर ही दुखणी कुणाच्या वहीत नव्हती. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात त्या याच कामाचा पुढचा टप्पा. शहरातल्या सोसायटीत त्या सहसा पोचत नाहीत, आणि पोचल्या तरी त्यांना 'बाळ झोपलंय' म्हणून दारातून परत पाठवतात. असं करू नये. त्यांना आत बोलवावं, आणि बाळाचं वजन झाल्यावर बाळंतिणीनं स्वतःचंही दुखणं सांगावं.

उरले नवरे. केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही, मालकाच्या मर्जीवर. पण रजा असली तरी ती कशात जाते हे मी बघितलं आहे: पेढे वाटण्यात, जन्मदाखल्याच्या रांगेत, आणि बारशाच्या हॉलच्या शोधात. पाजणं सोडून बाकी प्रत्येक काम पुरुषाला करता येतं. रात्री रडणारं बाळ उचलून बायकोच्या कुशीत देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं, यानं तिची दर खेपेला अर्धा तास झोप वाचते. आणखी एक काम फक्त त्याचंच आहे: स्वतःच्या आईला 'नको' म्हणणं. ते सुनेनं म्हटलं की भांडण होतं, मुलानं म्हटलं की नुसती कुरकुर होते. निरोधनाची जबाबदारीही त्यानंच उचलावी. पाळी आली नाही तरी पुन्हा दिवस राहू शकतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, फक्त अंगावरचं दूध आणि पाळी न येणं या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेवढाच काळ भरवसा धरता येतो. संबंध कधी सुरू करायचे हे तिच्या टाक्यांनी आणि तिच्या मनानं ठरवायचं.

पुस्तक कसं वापरायचं ते सांगून थांबते. गरोदर बाईनं ते सातव्या महिन्यात वाचावं. त्याआधी उलट्या असतात आणि नंतर बसवत नाही. तिच्या आईनं आणि सासूनं आहाराचं प्रकरण शेजारी बसून वाचलं तर माझी एक मोठी चिंता मिटेल. शेवटी चाळीस दिवसांचा एक तक्ता छापला आहे. सकाळचा नाश्ता, दोन्ही जेवणं, कपडे, रात्री बाळाला उचलणं, औषधांची आठवण, पाहुण्यांना आवरणं, थोरलं मूल, दवाखान्याची फेरी, असे रकाने आहेत. प्रत्येक रकान्यात माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा. बाळंतिणीचं नाव कुठेही लिहायचं नाही, आणि चारपेक्षा जास्त रकान्यांत एकच नाव येऊ द्यायचं नाही, ते नाव आजीचं असलं तरी. काही रकाने रिकामे राहतीलच. त्यांसाठी पोळ्यांची बाई, डबा, शेजारीण, रजेवर येऊ शकणारा भाऊ यांची आत्ताच चौकशी करावी. नवव्या महिन्यात चांगली मालिशवाली मिळत नाही, ती आधीच दुसऱ्या घरी ठरलेली असते.